आधी पत्रा, मग रंग

रिस्टोरेशन या शब्दाची आपण पार वाट लावली आहे. कुठलाही व्हिडिओ उघडा. पहिल्या मिनिटाला गोठ्यातून बाहेर काढलेली गाडी, दहाव्या मिनिटाला तिचा सांगाडा, विसाव्या मिनिटाला लालभडक रंग आणि त्या रंगात दिसणारं आकाश. शेवटी एक दाढीवाला गृहस्थ समाधानाने मान डोलावतो. पाहणाऱ्यांतले काही बिचारे ते खरं मानून खरोखरच एक जुनी गाडी विकत घेतात, आणि दोन वर्षांनी ती खोक्यांमध्ये भरून विकतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं: जुनी स्पोर्ट्स कार घरी, पगारातून उरलेल्या पैशात, सुट्टीच्या दिवशी काम करून उत्तम चालती ठेवता येते. त्या पैशात ती चकचकीत करता येत नाही. ज्यांना या दोन्हीतला फरक कळत नाही त्यांनी या भानगडीत पडू नये, आणि ज्यांना कळतो पण जे लपवतात, त्यांच्याकडून गाडी विकत घेऊ नये. हे म्हटलं की लोक चिडतात. चिडू देत.

उदाहरणासाठी माझीच गाडी घेतो, कारण दुसऱ्याच्या गाडीखाली मी फारसा झोपलेलो नाही. १९७२ सालची एमजीबी रोडस्टर, दोन सीटांची, कापडी टपाची. ही गाडी इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत बनत होती आणि पाच लाखांहून जास्त बनली. त्यामुळे ती दुर्मिळ वगैरे अजिबात नाही, आणि खरे शौकीन लोक तिच्याकडे जरा नाक मुरडूनच बघतात. घरी काम करणाऱ्याला मात्र हीच गाडी हवी. तिचा जवळपास प्रत्येक भाग आजही नवा मिळतो. अख्खी बॉडीसुद्धा! ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने १९८८ पासून मूळ डाय वापरून एमजीबीची नवीकोरी बॉडी बनवायला घेतली. ही सोय जगात फार थोड्या जुन्या गाड्यांना आहे.

आणि आपल्यासाठी त्यात एक गंमत आहे. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसीच्या 'बी सिरीज' घराण्यातलं. त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या ॲम्बेसेडरमध्ये कित्येक दशकं होतं. एमजीबीच्या आधीच्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये १९५५ साली जे बसलं तेही १४८९ सीसीचंच. तेच बोअर वाढत वाढत १५८८, १६२२ आणि मग १७९८ झालं. म्हणजे ज्या इंजिनाच्या आवाजाने इथले पेन्शनर हळवे होतात, त्याचं सख्खं भावंड आपल्याकडे कलेक्टरसाहेबांना दौऱ्यावर नेत होतं. जिल्ह्याच्या गावातल्या एखाद्या जुन्या फिटरला माझ्या गाडीचं बॉनेट उघडून दिलं तर पुशरॉड, रॉकर, डेल्को यातलं काहीही त्याला परकं वाटणार नाही. फक्त कार्बोरेटर एकाच्या ऐवजी दोन बघून तो म्हणेल, "च्यायला, चैन आहे!"

असो. आता मुद्द्यावर येतो.

एमजीबीला वेगळी चासी नाही. एमजीएला होती. एमजीबीची बॉडी हीच तिची चासी. वरचं टप कापडाचं, त्यामुळे गाडीची सगळी ताकद दाराखालच्या दोन पेट्यांमध्ये असते, ज्यांना इंग्रजीत सिल म्हणतात. ही सिल म्हणजे बाहेरून दिसणारा एक पत्रा नव्हे. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मधला उभा पडदा आणि खालचा दातेरी भाग असे सगळे मिळून ती पेटी होते. पुढच्या चाकामागे चिखल साचतो, तिथला पत्रा कुजतो, पाणी या पेटीत शिरतं आणि गंज आतून सुरू होतो. बाहेर बुडबुडा दिसेपर्यंत आतला पडदा बऱ्याचदा नाममात्र उरलेला असतो.

सिल नीट बदलायची तर पुढचं मडगार्ड काढावं लागतं, कारण पेटी त्याच्या मागे पुढपर्यंत गेलेली असते. मागच्या बाजूलाही मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो. गाडी समतल ठेवून, सस्पेन्शनच्या जागांखाली आधार देऊन, दाराच्या चौकटीत आडवी पट्टी ठोकून, एका वेळी एकच बाजू कापायची. दार जागेवर ठेवून फट पुनःपुन्हा मोजायची. नाहीतर गाडी मधोमध केळ्यासारखी वाकते आणि मग ते दार आयुष्यात नीट लागत नाही.

हे काम वेळखाऊ आहे, घाणेरडं आहे, आणि संपल्यावर दिसत नाही. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. दिसत नाही, म्हणून ते व्हिडिओत नसतं. दिसत नाही, म्हणून विकणारे ते करत नाहीत. ते काय करतात? दिसणाऱ्या भागापुरती पट्टी कापतात आणि तिथे नवा पत्रा चिकटवतात. किंवा त्याहून स्वस्त, जुन्या कुजलेल्या सिलवरच नवी सिल टोपीसारखी घालतात आणि कडेने वेल्ड मारतात. उरलेल्या भोकांत पुट्टी. वरून रंग. तो रंग इतका सुंदर असतो की तुम्ही खाली वाकून बघतच नाही.

याला मी रिस्टोरेशन म्हणत नाही. ही फसवणूक आहे, आणि ती धोकादायक फसवणूक आहे. त्या पेटीच्या भरवशावर तुम्ही ताशी १०० किलोमीटरने वळण घेता. शेजारी बायको बसलेली असते. सीटबेल्टचं एक टोक कुठे बांधलेलं असतं ते एकदा खाली वाकून बघा, मग रंगाचं कौतुक करा.

म्हणून माझा पहिला आणि जवळजवळ एकुलता नियम: आधी पत्रा, मग ब्रेक, मग पेट्रोलच्या नळ्या, मग वायरिंग, मग इंजिन, मग सीटा, आणि रंग सर्वांत शेवटी. रंगापर्यंत पोचलोच नाही तरी बिघडत नाही. माझी गाडी चार वर्षं झाली, तीन वेगवेगळ्या निळ्या रंगांत फिरते आहे. उजवं मडगार्ड नुसतं प्रायमरमध्ये आहे. पार्किंगमध्ये लोक विचारतात, "रंग कधी देणार?" सिल कशी आहे हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.

दुसरा वर्ग खोलणाऱ्यांचा. हे बहुतेक आपल्याच धंद्यातले असतात. गाडी घरी आणली की पहिल्या शनिवारी बंपर, दुसऱ्या शनिवारी डॅशबोर्ड, महिन्याभरात इंजिन जमिनीवर. सगळं पिशव्यांत, पिशव्यांवर लेबलं, लेबलांची स्प्रेडशीट. खोलायला फार मजा येते हो, त्यात प्रगती दिसते! मग घरात बाळ होतं, किंवा नोकरी बदलते, किंवा नुसताच पावसाळी नोव्हेंबर येतो. पिशव्यांवरची शाई उडते. आणि मग जाहिरात: 'प्रोजेक्ट कार, ९० टक्के काम पूर्ण, वेळेअभावी विकणे.' त्या उरलेल्या दहा टक्क्यांत सगळी गाडी असते.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला हे मी समजावून सांगायला लागावं याचंच मला नवल वाटतं. जुना कोड वाचवत नाही म्हणून सगळं नव्याने लिहू या, असं म्हणणारा एक तरी माणूस प्रत्येक टीममध्ये असतो. नेटस्केपने तेच केलं. आवृत्ती ५ कधी आलीच नाही, ६ आली ती २००० सालच्या नोव्हेंबरात, आणि तोवर इंटरनेट एक्स्प्लोररने पंगत उठवली होती. ऑफिसात आपण याच्यावर छान छान बोलतो. चालू सिस्टिम चालू ठेवून एकेक भाग बदला, दर बदलानंतर तपासा, परत जाता येईल अशी सोय ठेवा. आणि घरी येऊन तोच माणूस चालती गाडी चाळीस पिशव्यांत भरतो.

घरच्या बजेटात एकच पद्धत टिकते. गाडी सतत चालती ठेवायची. शनिवारी सकाळी जे खोलाल ते रविवारी संध्याकाळी परत बसलं पाहिजे आणि गाडी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आली पाहिजे. एखादं काम दोन दिवसांत बसत नसेल तर त्याचे तुकडे करायचे. क्लच हा एक अपवाद, कारण एमजीबीचा क्लच बदलायला इंजिन बाहेर काढावंच लागतं. त्याला दोन आठवडे आणि एक इंजिन-क्रेनवाला मित्र लागतो.

आता पैसे. मी महिन्याला १०० पौंड ठरवले आणि ते पाळले. गाडी ३,५०० पौंडांना घेतली होती. चार वर्षांत त्यावर ४,८०० गेले. त्यातले १,६०० एका वेल्डरला, हा सगळ्यात मोठा आकडा. मडगार्डं मी स्वतः काढली, कार्पेट, सीटा, पेट्रोलची टाकी काढली, जुना डांबरासारखा थर आठ संध्याकाळी खरवडला, आणि मग तो घरी येऊन फक्त कापून जोडून गेला. हेच अख्खं काम बाहेर द्यायचं तर बॉडी आणि रंगासाठी मला सांगितलेला आकडा १५,००० पौंडांच्या पुढे होता. त्यांचं चुकत नाही. तासाचा दर आहे, तास खरंच तेवढे लागतात. पण त्या तासांपैकी निम्म्याहून अधिक तास खरवडणं, घासणं आणि गंजलेले बोल्ट सोडवणं यातच जातात, आणि हे करायला कौशल्य लागत नाही, चिकाटी लागते. ते तास आपले फुकट असतात. जे कौशल्याचं आहे, ते विकत घ्या. माझी वेल्डिंग मी घराच्या फाटकापुरतीच ठेवली आहे.

तुम्ही म्हणाल, फुकट कसे? तुझा तासाचा दर काय, त्यात ओव्हरटाइम केला असतास तर बाहेर काम देऊनही वर पैसे उरले असते. हा हिशेब मला इतक्या जणांनी करून दाखवला आहे की तो मला पाठ आहे. रविवारी सकाळी माझ्या तासाला कोणीही काहीही देत नाही, हे त्याचं एक उत्तर. दुसरं जरा तिखट आहे.

आपण स्वतःला इंजिनिअर म्हणवतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉप नावाचा विषय असायचा. फिटिंग, सुतारकाम, पत्र्याचं काम, वेल्डिंग. लोखंडाचे दोन तुकडे कानशीने घासून एकात एक बसवायचे, त्याला 'जॉब' म्हणायचे. माझ्या बॅचमध्ये कितीतरी जणांनी तो जॉब पैसे देऊन करून घेतला. ठरलेला दर होता. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण ते हाताचं काम होतं, आणि आपण तर त्याच्यापासून सुटण्यासाठीच इंजिनिअर होत होतो! मेकॅनिकचा मुलगा इंजिनिअर झाला की पेढे वाटतात. इंजिनिअरच्या मुलाने गॅरेज काढायचं म्हटलं तर घरात सुतक. 'पाना फिरवत बसला' हे आपल्याकडे फुकट गेलेल्या माणसाचं वर्णन आहे.

आणि मग हेच लोक मला सांगतात, "अरे, मेकॅनिकला दे ना." त्या वाक्यात मेकॅनिकबद्दल आदर नसतो. हे काम खालचं आहे, खालच्याला दे, एवढंच त्यात असतं. मी चार वर्षं गाडीखाली काढल्यावर मेकॅनिकबद्दल माझा आदर वाढला. अर्ध्या इंचाच्या नटाला १३ चा पाना जवळजवळ बसतो. जवळजवळ! अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. जोर लावला की पाना घसरतो, नटाचे कोपरे जातात आणि बोटांची सालटं निघतात. ब्रिटिश गाडीला इंची पानेच लागतात. सात-सोळांश, अर्धा, नऊ-सोळांश. एवढी एक गोष्ट नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातल्या पोऱ्याला माहीत असते आणि एम. टेक. झालेल्याला नसते. पॉइंटमधली फट १५ थाऊ, प्लगची २५. फीलर गेज ओढताना हाताला 'बरोबर' कसं लागतं हे पुस्तकात लिहिता येत नाही. हे ज्ञान आहे. आपण त्याला ज्ञान म्हणत नाही, कारण ते असणाऱ्याची नखं काळी असतात.

तेव्हा 'तुझा तासाचा दर' हा हिशेब मला अर्थशास्त्र वाटत नाही. ती जुनीच घमेंड आहे, फक्त आता एक्सेलमध्ये.

तिसरा वर्ग गुंतवणूकवाल्यांचा. यांना गाडी आवडत नाही, ग्राफ आवडतो. अमुक मॉडेल वर चाललं आहे, अमुक रंगाला मागणी आहे, मूळचे सीट-कव्हर ठेवले तर किंमत जास्त येते. त्यांना एवढंच सांगतो की पाच लाख बनलेल्या गाडीत श्रीमंत व्हायचं असेल तर त्यापेक्षा पीपीएफ बरा. माझी गाडी आज विकली तर घातलेले पैसे परत येणार नाहीत. ट्रेकला जाऊन आल्यावर सिंहगडाची किंमत किती वाढली असं कोणी विचारतं का?

गुंतवणूकवाल्यांचा खरा त्रास वेगळाच आहे. ते गाडी चालवत नाहीत. न चालवलेली गाडी बिघडते: ब्रेकचे सिलिंडर चिकटतात, पेट्रोल शिळं होतं, सील सुकतात. एमजीबीचा पेट्रोल पंप मागच्या बाजूला, उजव्या चाकाजवळ असतो. विजेवर चालणारा, टिकटिकणारा. गाडी महिनाभर उभी राहिली की त्याच्या आतले पॉइंट धरतात आणि तो रुसतो. मग पाना घेऊन त्याला एक हलकी टपली मारायची, की लागलं टिकटिकायला. रोज चालवणाऱ्याला ही टपली क्वचितच मारावी लागते. माझ्या गाडीच्या पुढच्या किंगपिनला दर ३,००० मैलांनी ग्रीस द्यावं लागतं, चाकं जमिनीवरून उचलून, म्हणजे ग्रीस नीट आत जातं. ज्या गाडीला वर्षभरात ३०० मैल होतात तिच्या मालकाला हे कधी आठवणार? त्याला वाटतं गाडी जपली आहे.

वायरिंगबद्दल दोन शब्द, कारण यावरचे विनोद ऐकून मी कंटाळलो आहे. ब्रिटिश गाड्यांची वीज लुकास कंपनीची, आणि लुकासला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणायची पद्धत आहे. पन्नास वर्षांच्या पितळी जोडण्यांवर गंज चढला, मधे दहा मालकांनी टेप गुंडाळून रेडिओ, भोंगे आणि चोर-घंटा जोडल्या, आणि शिव्या लुकासला! निम्मे दोष अर्थिंगचे असतात. पॉलिश पेपरने अर्थच्या जागा घासा, पुन्हा कसा, वर थोडं ग्रीस लावा. माझ्या गाडीचे मागचे दिवे, इंडिकेटर आणि पेट्रोलचा काटा असे तिन्ही या एका कामात सुधारले. खर्च जवळजवळ शून्य. 'संपूर्ण नवा वायरिंग लूम' विकणाऱ्यांना हे सांगू नका.

कायद्याकडेही वळायला हवं. ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या आणि फारसा बदल न केलेल्या गाडीला मे २०१८ पासून वार्षिक तपासणीची, म्हणजे एमओटीची सक्ती नाही. रोड टॅक्सही शून्य. जुन्या गाडीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मला ही सूट पटत नाही. ज्या गाडीच्या सिलमध्ये पुट्टी भरलेली असू शकते, तिलाच तपासणी नको? चाचणीची फी जास्तीत जास्त ५४ पौंड ८५ पेन्स. मी दरवर्षी स्वतःहून करून घेतो. गाडी वर उचलून एक परका माणूस विजेरी मारतो, तो माझ्यापेक्षा कठोर असतो. बजेटात काम करणाऱ्याने तर ही सूट घेऊच नये. आपल्या कामाचा कोड रिव्ह्यू वर्षाला पंचावन्न पौंडांत होतो, अजून काय हवं?

भारतात उलटा प्रकार. २०२१ साली ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, 'व्हीए' अशी वेगळी मालिका. चांगलं झालं. पण अशी नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. म्हणजे कायद्याने ती गाडी वस्तुसंग्रहालयातली मूर्ती झाली. धनिकांना हे सोयीचंच आहे, त्यांच्या गाड्या तशाही ट्रेलरवर बसून रॅलीला जातात. पण पुण्यातल्या एखाद्या पोराला आजोबांची हेरल्ड रविवारी मिसळ खायला न्यायची असेल तर त्याचं काय? (सोसायटीच्या पार्किंगमध्ये जॅक लावला तर सेक्रेटरी काय म्हणतील हा त्याहून अवघड प्रश्न. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. :-))

पेट्रोलच्या नळ्या मी यादीत इतक्या वर का घातल्या, तेही सांगून टाकतो. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० झालं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. भारत तर वीस टक्क्यांवर गेला. जुन्या पद्धतीचं रबर इथेनॉलने खराब होतं, चिरा पडतात, आणि एमजीबीत त्या चिरांच्या जवळच गरम सायलेन्सरचा पाइप असतो. आर-९ दर्जाची नळी आणि चांगल्या क्लिपा, एका शनिवारचं काम, तीस-चाळीस पौंड. जळून गेलेल्या जुन्या गाडीच्या फोटोखाली 'बिचारी' असं लिहिण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. ज्यांनी आठ हजारांचा रंग दिला आणि नळ्या जुन्याच ठेवल्या असे दोन जण मला माहीत आहेत.

हे सगळं काढून बॅटरी आणि मोटर बसवा, असं सांगणारे मित्रही आहेत. रोजच्या गाडीसाठी मला विजेची गाडी मान्य आहे, दारात एक उभीही आहे. पण एमजीबीतून बी सिरीज काढून टाकायचं आणि उरलेल्याला एमजीबी म्हणायचं, हे वाड्याचा दरवाजा फ्लॅटला बसवून त्याला वाडा म्हणण्यासारखं आहे. शिवाय त्या खर्चात माझं दहा वर्षांचं बजेट सहज जाईल, आणि सिल कुजलेली असेल तर जड बॅटरीने ती लवकर बसेल. आधी पत्रा!

एक आक्षेप मात्र मी मानतो. "हे सगळं घरी करताना कोणी मेलं तर?" बरोबर आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, कधीही, पाच मिनिटांसाठीही नाही. स्टँड लावा, गाडी हलवून बघा, काढलेलं चाक बाजूने आत सरकवून ठेवा. ब्रेकचं काम पहिल्यांदा करत असाल तर जाणत्या माणसाला शेजारी उभं करा. पण हा आक्षेप घेणारे लोक चकचकीत रंगाची गाडी न तपासता विकत घेतात आणि तिच्यात मुलांना बसवतात, तेव्हा त्यांची काळजी कुठे जाते ते मला समजत नाही.

तरीही घ्यायचीच असेल, तर गाडी बघायला जाताना खिशात फ्रिजवरचं एक लोहचुंबक ठेवा, फडक्यात गुंडाळून. दाराखाली, मडगार्डच्या खालच्या कडेला फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. (बॉनेटला चिकटलं नाही तर घाबरू नका, सुरुवातीच्या एमजीबींची बॉनेटं ॲल्युमिनियमची होती.) मग मालकाची परवानगी घेऊन गाडी पुढून जॅकवर उचला आणि दार उघडून लावून बघा. सहज लागलं तर पुढचं बोला. घासलं, अडकलं किंवा दाराची वरची फट बंद होताना दिसली, तर गाडी खाली उतरवा, चहा दिला असेल तर तो प्या आणि घरी या. मालक नको म्हणाला, तर चहासाठीही थांबू नका.